साध्वी महदाइसा : जिज्ञासा आणि धैर्य

परमार्थमार्गावर पाऊल ठेवताना साधकाच्या अंतःकरणात जो उत्साह असतो, तो दहा वर्षांनंतरही तसाच राहतो असे नाही. अनुसरणाच्या दिवशी सर्व सोपे वाटते. पुढे मात्र रोजची भिक्षा, रोजचे स्मरण, रोजची सेवा आणि त्याच चार माणसांचा सहवास सुरू होतो, आणि मन हळूहळू कोरडे पडू लागते. मोठ्या संकटाने साधक ढळतो असे आपण समजतो. पण पुष्कळदा तो लहानसहान गोष्टींच्या कंटाळ्यानेच ढळतो. म्हणून धैर्य म्हणजे काय, ते कोठे शिकावे आणि कोणापासून शिकावे, हा प्रश्न केवळ ग्रंथातील नाही. तो आपल्या नित्याच्या आचाराचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना ज्या एका चरित्राकडे दृष्टी वारंवार जाते, ते साध्वी महदाइसांचे होय.

महदाइसांना महाराष्ट्र मराठीची आद्य कवयित्री म्हणून ओळखतो. महदंबा हे त्यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात प्रथम येते आणि धवळे ही त्यांची कृती अभ्यासक्रमात शिकविली जाते. परंतु ही कीर्ती त्यांच्या आयुष्याचे फळ आहे, मूळ नव्हे. मूळ पाहावयाचे तर आपल्याला बाराव्या शालिवाहन शतकातील एका लहान मुलीपर्यंत मागे जावे लागते.

त्यांचे मूळचे नाव रूपाई अथवा रूपाइसा. घराणे विद्वान ब्राह्मणांचे. नागदेवाचार्य हे त्यांचे चुलत बंधू. घरात शास्त्राची चर्चा होती, पाठांतर होते, येणाजाणाऱ्या पंडितांचे बोलणे कानी पडत होते. पण या मुलीच्या वाट्याला बालवैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच संसार संपला. त्या काळच्या, आणि पुढेही शतकानुशतके चाललेल्या रूढीप्रमाणे अशा स्त्रीचे आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात ठरून गेलेले असे. मंगलकार्यात तिने पुढे यावयाचे नाही, हळदीकुंकवाला तिचा हात लागावयाचा नाही, विवाहाच्या मांडवात तिचा स्वर ऐकू यावयाचा नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

दुःख दोन प्रकारे सोसले जाते. एक, ते मुकाट्याने गिळून. दुसरे, त्याला प्रश्न विचारून. महदाइसांनी दुसरी वाट धरली. हे असे का, जीव कोण, त्याला बांधले कोणी, त्याची सुटका कोण करील, अशी विचारणा त्यांच्या मनात जागी झाली. प्रथम त्या रामदेव उपाख्य दादोस यांच्याकडे वळल्या. दादोस हे स्वतः सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंचे अनुयायी असून त्यांच्याभोवती जिज्ञासूंचा एक समुदाय होता. त्या समुदायातूनच महदाइसा, नागदेवाचार्य, आबाइसा, उमाइसा ही मंडळी कालांतराने स्वामींच्या चरणी आली. वाट दाखविणाऱ्याचा हात सोडून वाट जेथे पोचते तेथे जाणे, हे ऐकावयास सोपे आहे. ज्यांना आजवर गुरू मानले त्यांचे मन दुखावते, जुन्या सोबत्यांत अंतर पडते, आणि आपण कृतघ्न तर नाही ना, असा सल मनाला लागतो. महदाइसांनी तोही सोसला.

स्वामींच्या सन्निधानात त्यांची जिज्ञासा मोकळी झाली. लीळाचरित्र वाचणाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको की, अनेक लीळांचा आरंभच महदाइसांच्या विचारण्यातून होतो. श्रीकृष्णचक्रवर्तींविषयी, द्वारावतीविषयी, तीर्थांविषयी, रिद्धपूरच्या श्रीप्रभूंविषयी, वाटेत पाहिलेल्या एखाद्या प्रसंगाविषयीही त्या पुसत. एका उत्तराने समाधान न झाल्यास पुन्हा पुसत. स्वामींनी त्यांना जिज्ञासक आणि चर्चक म्हणून गौरविले, आणि ही म्हातारी येथे सदैव काही पुसतच असते, असे कौतुकाने म्हटले. म्हातारी हा शब्द येथे वयाचा नाही, जिव्हाळ्याचा आहे. ज्या समाजाने या स्त्रीला बोलू नये असे शिकविले, त्याच समाजात ईश्वरावतार तिच्या बोलण्याचे कौतुक करीत होता. जीवाला स्त्रीपण वा पुरुषपण नाही आणि मोक्षाचा अधिकार दोघांनाही सारखाच आहे, हे स्वामींच्या निरूपणातील तत्त्व महदाइसांनी आधी अनुभवले आणि मग ऐकले, असे म्हटले तरी चालेल.

स्वामींची निरूपणाची रीतही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. स्वामी शास्त्रातील अवघड प्रमेय सांगताना घरातील, शेतातील, बाजारातील आणि रस्त्यावरील गोष्टी दृष्टांतास घेत. केशिराजबासांनी पुढे जे एकशेचौदा दृष्टांत एकत्र केले, त्यांत हत्तीला चाचपणारे जात्यंध आहेत, तसेच सामान्य स्त्रीपुरुष आहेत, गावोगावचे व्यवहार आहेत. ज्याला ब्रह्मविद्या समजावयाची आहे त्याने आधी आपल्या आसपासचे नीट पाहावे, हा जणू त्या रीतीतील उपदेश आहे. महदाइसांनी तो पूर्णपणे उचलला. त्यांना नित्याच्या गोष्टीत अर्थ शोधण्याची दृष्टी मिळाली. पुढे सन्निधान संपल्यावर या दृष्टीनेच त्यांना तारले.

परंपरेप्रमाणे शके ११९६, म्हणजे इसवी सन १२७४ मध्ये स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. या वियोगाचे वर्णन करण्यास आपले शब्द अपुरे आहेत. नागदेवाचार्यांसारख्या पुरुषश्रेष्ठालाही शोक अनावर झाला. महदाइसांना आयुष्यात हे दुसऱ्यांदा वैधव्य आले, असे लौकिक भाषेत म्हणता येईल. पण पहिले न कळत्या वयात आले होते, हे पूर्ण कळत असताना आले. ज्यांना प्रश्न विचारावेत ते आता दिसत नव्हते. अशा वेळी स्वामींची आज्ञा हाच आधार होता. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात जावे, त्यांची सेवा करावी, ही ती आज्ञा. भक्तसमुदाय वऱ्हाडात रिद्धपूरला आला आणि तपाहून अधिक काळ श्रीप्रभूंच्या सेवेत राहिला.

येथे महदाइसांच्या धैर्याची खरी परीक्षा झाली. सर्वज्ञ स्वामी निरूपण करीत. विचारले की उत्तर मिळे. श्रीप्रभूंची रीत अगदी निराळी. ते कोणाच्याही घरी जात, हाताला येईल ते घेत, मातंगाच्या घरीही आरोगणा करीत, लहान मुलांबरोबर खेळत, क्षणात प्रसन्न होत आणि क्षणात रागावत. गावातील लोकांना मात्र ते आईबापांच्या ठिकाणी होते. सारे गाव त्यांना राऊळ म्हणून ओळखत असे. जी साधिका वर्षानुवर्षे शब्दांतून ज्ञान घेत आली होती, तिला आता शब्दांवाचून शिकावयाचे होते. प्रश्नांची उत्तरे येथे प्रसंगांतून मिळणार होती, आणि प्रसंग साधे, घरगुती, कित्येकदा त्रासदायक असणार होते.

त्यांतील एक प्रसंग श्रीगोविंदप्रभुचरित्रात आहे आणि तो सर्वांच्या परिचयाचा आहे. एके दिवशी श्रीप्रभूंनी महदाइसांजवळ धिडरे मागितले. महदाइसांनी आनंदाने धिडरे करून आणले. श्रीप्रभूंनी पाहिले आणि हे धिडरे नव्हे, म्हणून नाकारले. महदाइसांनी पुन्हा केले, निराळ्या प्रकारे केले. तेही नाकारले गेले. एकामागून एक प्रकार होत गेले, पण मनाजोगते धिडरे काही होईना. काय करावे हे सुचेना. शेवटी त्यांना उमगले की आपण गंगातीरच्या, श्रीप्रभू वऱ्हाडचे. येथे ज्याला धिडरे म्हणतात तो पदार्थ आपल्याकडे दुसऱ्या नावाने ओळखतात. मग त्यांनी तो त्या रीतीने केला, वर तूप घालून अर्पण केला, आणि श्रीप्रभूंनी संतोषाने आरोगणा केली.

भाषेचे अभ्यासक या लीळेकडे वऱ्हाडी आणि गंगातीरच्या बोलींतील भेदाचा जुना पुरावा म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. ज्या रिद्धपुरात ही चूल पेटली, तेथेच आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, हेही औचित्याचेच म्हणावयाचे. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत ही लीळा एवढ्याच अर्थाने पाठ केली होती. तिचा दुसरा अर्थ कळावयास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि तो ग्रंथातून कळला नाही.

आमचे वृद्ध गुरुवर्य अखेरच्या आजारात अंथरुणाला खिळले होते. त्यांची सेवा प्रस्तुत लेखकाकडे होती. एके रात्री त्यांनी काही आंबट खावेसे वाटते म्हणून सांगितले. कढी करून नेली. त्यांनी वाटी ओठाला लावून खाली ठेवली. थोड्या वेळाने चिंचेचे सार नेले. तेही नको झाले. तिसऱ्या खेपेस ताक नेले, आणि त्यांनी मान फिरविताच माझ्या हातून भांडे जोराने खाली ठेवले गेले. त्या आवाजाने ते दचकले. काही बोलले नाहीत; डोळे मिटून पडून राहिले. पहाटे पारायणास बसलो असता नेमकी हीच लीळा समोर आली आणि पुढचे अक्षर दिसेना. महदाइसांनी भांडे आपटले नव्हते. त्यांनी स्वतःस विचारले होते की, मागणाऱ्याचा शब्द मला खरोखर कळला आहे काय? उठून गुरुवर्यांजवळ गेलो, दंडवत घातले आणि लहानपणी आपल्या घरी काय करीत, असे विचारले. त्यांना ताकातल्या कण्या हव्या होत्या. त्यांनी जेमतेम दोन घास घेतले. पण त्या दोन घासांनी या अभ्यासकाला जे शिकविले ते अनेक वर्षांच्या अध्ययनाने शिकविले नव्हते.

धैर्य म्हणजे केवळ थांबून राहणे नव्हे, हे या लीळेचे मर्म आहे. महदाइसा प्रत्येक नकारानंतर निमूटपणे तेच ते करीत बसल्या असत्या, तर ती सोशिकता झाली असती. हट्टाने माझेच बरोबर म्हणाल्या असत्या, तर तो अहंकार झाला असता. कंटाळून उठल्या असत्या, तर सेवा खंडली असती. त्यांनी नकाराला प्रश्न मानले. स्वामींच्या सन्निधानात मुखाने जे पुसणे चालत होते, तेच रिद्धपुरी हातांनी चालू राहिले. जिज्ञासा आणि धैर्य हे दोन गुण भिन्न नाहीत. जो पुसत राहतो तोच टिकून राहतो.

आता दुसरा प्रसंग पाहू. श्रीप्रभूंच्या ठायी एकदा विवाहाची प्रवृत्ती झाली आणि रिद्धपुरी खेळ म्हणून विवाहाचा प्रसंग मांडला गेला. विवाह म्हटला म्हणजे वराची वाखाणणी करणारी गाणी हवीत. त्यांनाच धवळे म्हणतात. ती गाण्याचे काम सुवासिनींचे. पण श्रीप्रभूंच्या समोर ते काम महदाइसांकडे आले. लहानपणापासून ज्या स्त्रीला मांडवाबाहेर उभे केले होते, तिलाच साक्षात परमेश्वरावताराच्या विवाहोत्सवात मंगलगीत गावयास मिळाले. वर सांगितलेली गोष्ट ध्यानी ठेवण्यास सांगितले होते, ते याचसाठी. लोकांनी ज्या स्वराला अशुभ ठरविले, तो स्वर देवाने आपल्या मंगलकार्यासाठी निवडला.

महदाइसांनी गावयास घेतला तो श्रीकृष्णचक्रवर्ती आणि रुक्मिणीदेवी यांचा विवाह. ही निवड सहज नाही. रुक्मिणीची कथा ही धैर्याचीच कथा आहे. भाऊ रुक्मी शिशुपालाला वचन देऊन बसलेला, लग्नाचा दिवस जवळ आलेला, ब्राह्मणाकरवी निरोप धाडलेला, आणि उत्तर येते की नाही याची वाट पाहत ती राजकन्या उभी. जिने आयुष्यभर वाट पाहिली तिलाच ही वाट पाहणे असे गाता येते. धवळ्यांत पांडित्याचा डामडौल नाही. घरातील स्त्रियांच्या तोंडी सहज बसेल अशी भाषा आहे, आणि त्या साधेपणातच त्याचे सामर्थ्य आहे. श्रीप्रभूंचे प्रयाण इसवी सन १२८७ च्या सुमाराचे. म्हणून धवळ्याचा पूर्वार्ध त्याआधीचा, म्हणजे शके १२१२, इसवी सन १२९० मधील ज्ञानेश्वरीच्याही थोडा अगोदरचा ठरतो. मराठीतील एका स्त्रीची पहिली ज्ञात रचना अशी एका घरगुती खेळाच्या निमित्ताने जन्मली. प्रेरणा आकाशातून उतरते असे आपण मानतो. महदाइसांना ती चुलीपाशी आणि मांडवात भेटली, कारण तेथे त्या जाग्या होत्या.

श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर भक्तसमुदायावर दुसऱ्यांदा असन्निधानाचा काळ आला. आता विचारावयास स्वामी नव्हते आणि सेवा घ्यावयास श्रीप्रभूही नव्हते. उरले होते ते स्मरण. नागदेवाचार्य लीळांचे चिंतन करीत, आणि म्हाइंभटांनी त्या लीळा त्यांच्याकडून आणि ज्याने त्याने पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून जमविण्यास आरंभ केला. या कार्यात महदाइसांच्या पूर्वीच्या जिज्ञासेचे मोल उघड झाले. त्यांनी त्या त्या वेळी पुसले होते म्हणून स्वामींनी सांगितले होते. सांगितले होते म्हणून स्मरणात राहिले. स्मरणात राहिले म्हणून ते ग्रंथात आले. तेव्हा केवळ आपल्या समाधानासाठी विचारलेला प्रश्न पुढे सातशे वर्षांच्या साधकांच्या उपयोगी पडला. आपण आज लीळाचरित्र उघडतो तेव्हा कित्येक पानांवर महदाइसांच्या ऋणाखाली वाचत असतो.

म्हाइंभटांच्या विनंतीवरून त्यांनी पुढे धवळ्याचा उत्तरार्धही रचला. मातृकी रुक्मिणी स्वयंवर ही त्यांची दुसरी कृती; तीत वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने ओव्या गुंफल्या आहेत. एकच कथा त्यांनी पुन्हा हाती घेतली, यातही त्यांचा स्वभाव दिसतो. जे एकदा गायिले ते संपले असे त्यांना वाटले नाही. स्मरण हे पुनःपुन्हा करावयाचे असते, आणि प्रत्येक वेळी नव्याने करावयाचे असते.

नागदेवाचार्यांच्या आचार्यपदाच्या काळात केशिराजबासांसारखे संस्कृतज्ञ पंडित पंथात आले. शास्त्र संस्कृतात लिहावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु आचार्यांनी त्यांना आवरले आणि मराठीतच लिहावे असे सांगितले. संस्कृतात लिहिल्याने समुदायातील म्हाताऱ्या वंचित होतील, हे त्यांनी कारण दिले. ही म्हातारी कोण, असे विचारले तर आपल्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम महदाइसाच उभ्या राहतात. पंथाची ग्रंथभाषा मराठी राहिली त्यामागे स्वामींची प्रवृत्ती आहे, आचार्यांची निष्ठा आहे, आणि सतत पुसणाऱ्या या साध्वींची उपस्थितीही आहे. आचार्यांनी महदाइसांना धर्मरक्षक म्हणून गौरविले ते उगाच नव्हे. त्यांनी शस्त्र धरले नाही, मठ बांधले नाहीत, वादात कोणाला जिंकले नाही. त्यांनी विचारले, सेवा केली, गायिले आणि स्मरणात ठेवले. धर्म एवढ्यानेच टिकतो.

आजचा साधक पुष्कळदा तक्रार करतो की आपल्याला सन्निधान नाही, अनुकूलता नाही, एकांत नाही. आश्रमात कामे फार आहेत, माणसे त्रास देतात, मन लागत नाही. गृहस्थ वासनिक म्हणतो की घरच्या आजारपणात आणि कटकटीत स्मरणाला वेळ कोठून आणावा. या दोघांनीही महदाइसांचे चरित्र एकदा मन लावून वाचावे. त्यांना सन्निधान मिळाले, पण ते दोनदा हरपले. त्यांच्या वाट्याला चूल आली, रागाचे बोल आले, नाकारलेली ताटे आली. त्यातच त्यांना पुढचे पाऊल सापडले. आपल्या घरातील कोणा वृद्धाने दूर सारलेली वाटी, कोणी केलेला अपमान, फळास न आलेले श्रम, हे सारे आपल्याही आयुष्यात आहे. प्रत्येक वेळी भांडे आपटावयाचे की समोरच्याचा शब्द पुन्हा ऐकावयाचा, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो.

तो योग्य घेता यावा यासाठी सर्वज्ञ प्रभूंनी या जीवाला जिज्ञासा द्यावी, आणि ती शेवटपर्यंत टिकावी म्हणून धैर्य द्यावे, एवढी विनवणी करून साध्वी महदाइसांच्या स्मृतीस आणि वाचकवर्गास दंडवत प्रणाम.